सोलापूरच्या चित्रांना भिंत हवी

महोदय,
चित्रकलेच्या शासकीय इंटरमिजिएट परीक्षेमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून मुलं चित्रकलेच्या वर्गाला येतात. परीक्षा झाली की रंगपेटी माळ्यावर! शिकवण्यांवर घर चालवणारा चित्रकार मात्र रात्री स्वतःचं काम घेऊन बसतो. भर उन्हात सिद्धेश्वर तलावाकाठी जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पसरायच्या आत वाळतो. तिथे हात बसायला वर्षं जातात. ते चित्र दाखवायचं कुठे? पुण्या-मुंबईला न्यायचं तर फ्रेम, टेम्पो, दालनाचं भाडं, सगळं पदरचं. चित्रकार एम. एफ. हुसेन १९१५ साली आपल्या पंढरपुरात जन्मले, हे आपण अभिमानाने सांगतो. महापालिकेने चांगली प्रकाशयोजना असलेलं एक दालन स्थानिक चित्रकारांना परवडेल अशा भाड्यात द्यावं, आणि शाळांनी मुलांना तिथे आणावं.

– एक चित्रकला शिक्षक, सोलापूर