हेरिअट रोवरील जागत्या रात्री

एडिंबरा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

येथे आल्यापासून तुला सविस्तर लिहावयाचे राहूनच गेले होते. काल हेरिअट रोवरील १७ क्रमांकाच्या घरासमोर बराच वेळ उभा होतो आणि परत येताच कागद पुढे ओढला.

दीपगृहांचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८५७ साली आपले बिऱ्हाड येथे आणले. आधीच्या घराची ओल एकुलत्या एका मुलाच्या छातीला मानवत नव्हती, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेले, समोर बाग असलेले हे दगडी घर त्यांनी निवडले. तो मुलगा रॉबर्ट लुई, पुढे जगभर नावाजलेला कादंबरीकार. घराण्याची सुबत्ता दिव्यांची होती. आजोबांनी भर समुद्रातील बेल रॉकवर उभारलेला दिवा १८११ साली लागला, तर काकांनी स्केरीव्होरवर बांधलेला १८४४ साली. सरकारी कामात सुचलेले शोध राष्ट्राचे, या भावनेने थॉमस यांनी त्यांचे पेटंट घेतले नाही. आपल्याकडील वेधशाळांत तापमापक ठेवण्यासाठी झडपांची जी पांढरी पेटी असते, तीही त्यांचीच कल्पना.

परंतु माझे मन गुंतले ते त्या घरातील दाईत. अॅलिसन कनिंगहॅम ही फाइफमधील एका कोळ्याची मुलगी; १८५२ पासून ती या कुटुंबात होती आणि सारे तिला ‘कम्मी’ म्हणत. खोकल्याने मुलाचा डोळा लागेनासा झाला की ती त्याला उचलून खिडकीशी नेई आणि काळोखात बुडालेल्या बागेपलीकडे, क्वीन स्ट्रीटवर उजळलेल्या एक-दोन खिडक्या दाखवी. तेथेही एखादे आजारी मूल आपल्या दाईबरोबर सकाळची वाट पाहत असेल, असे ती दोघे एकमेकांना सांगत. पहाटे खेड्यांतून शहरात येणाऱ्या गाड्यांचा खडखडाट कानी पडला की मुलाचा जीव भांड्यात पडे. तिनेच रंगवून सांगितलेल्या नरकाच्या भयाने तो रात्री दचकत असे, हेही खरे. तरीही तिला दोष द्यावयास माझे मन धजत नाही. १८८५ साली त्याने आपला बालकवितांचा संग्रह तिलाच अर्पण केला.

वडिलांशी मात्र त्याचे बिनसले. १८७१ साली त्याने अभियंता होण्याचे नाकारले, पुढे धर्मश्रद्धेवरून घरात फार कटुता आली. तरी १८८० साली तो कॅलिफोर्नियात आजारी आणि कफल्लक असताना, वर्षाला २५० पौंड धरून चाल, अशी तार याच वडिलांनी केली.

दारासमोरचा दिवा आजही आहे आणि तो लावणाऱ्या ‘लीरी’वर रॉबर्ट लुईने लिहिलेल्या कवितेच्या ओळीही तेथे कोरलेल्या आहेत. मी निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि क्वीन स्ट्रीटवरील खिडक्या एकेक करून उजळत होत्या. तुझ्या दम्याच्या रात्री काकू तुला घेऊन ओटीवर बसून राहत, हे तू मला सांगितले होतेस. म्हणून हे सारे तुलाच लिहिले. काकूंना हे पत्र वाचून दाखव आणि माझा नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश