नाशिकच्या नावाचा पुरावा रसातून मिळावा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : नाशिकच्या मानांकित शेतमालाची नमुनापेढी उभारण्याबाबत

महोदय,

नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅलीची वाइन आणि लासलगावचा कांदा यांना भौगोलिक मानांकन मिळाले असून १९९९ च्या कायद्याचे संरक्षणही आहे. परंतु परगावच्या बाजारात ‘नाशिक’ छापलेली पेटी उघडली, तर आतला घड खरोखर याच जिल्ह्यातला आहे का, हे सांगायला पावती आणि लेबल यांचाच आधार असतो. ती दोन्ही बदलता येतात.

रसातली खूण बदलणे कठीण आहे. पावसाचे ढग समुद्रावरून सह्याद्री ओलांडून येताना जड ऑक्सिजनचे पाणी आधी बरसते, त्यामुळे कोकणातल्या आणि देशावरच्या पाण्यात ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे) प्रमाण निराळे असते. तेच पाणी वेलीत चढते आणि त्या हंगामाच्या उन्हाचाही परिणाम घेऊन मण्यात उतरते. मातीची ओळख स्ट्रॉन्शियम या खडक-मातीतल्या मूलद्रव्यावरून पटते. आपल्या साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या पाषाणात स्ट्रॉन्शियम ८७ चे ८६ शी गुणोत्तर कमी असते, तर दक्षिण कर्नाटकातल्या अडीचशे कोटी वर्षे आणि त्याहून जुन्या खडकांत ते ठळकपणे जास्त आढळते, आणि वेल ते जवळजवळ जसेच्या तसे उचलते. वाइनमध्ये उसाची साखर मिसळली असेल, तर तेही कार्बनच्या समस्थानिकांवरून उघड होते, कारण ऊस आणि द्राक्ष हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात.

अर्थात सांगली आणि सोलापूरची जमीनही त्याच पाषाणाची आहे, म्हणून एकट्या स्ट्रॉन्शियमवर निकाल देणे अन्यायाचे होईल. पाणी, माती आणि सूक्ष्म मूलद्रव्ये एकत्रच तपासावी लागतील. शिवाय महागडे यंत्र घेतले तरी तुलनेला खात्रीचे नमुने नसतील, तर त्याचे आकडे निरुपयोगी ठरतात. आमची मागणी यंत्राआधी या नमुन्यांची आहे. युरोपीय देशांनी १९९१ पासून वाइनची अशी पेढी जपली आहे: हवामानाबरोबर आकडे बदलतात, म्हणून दरवर्षी ठरलेल्या भागांतून द्राक्षे खुडून, त्यांची थोडी वाइन स्वतः बनवून ते ती तपासतात.

आपल्याकडे अर्धे काम होतच आहे. निर्यातीच्या बागा ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत नोंदलेल्या असतात आणि कीडनाशकांच्या उर्वरित अंशासाठी तोडणीपूर्वी त्यांतून नमुने घेतले जातात. त्याच वेळी दिंडोरी, निफाड, चांदवड आणि बागलाणमधल्या निवडक बागांतून एकेक जादा नमुना, सोबत त्या बागेची माती आणि विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी घ्यावे, आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याने ते जतन करावे. सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातले नमुनेही हवेत. पेढी भरवशाची होईपर्यंत तिच्या आधारे कोणावरही कारवाई होऊ नये, हे आदेशातच स्पष्ट असावे. नाहीतर शेतकरी नमुना द्यायला कचरेल, आणि ते स्वाभाविकच आहे.

हा आदेश येत्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी निघाला, तर जानेवारीपासूनच्या तोडणीत पहिले नमुने गोळा करता येतील. त्यासाठी लागणारी बाग, पाणी आणि माती आम्ही विनामूल्य उपलब्ध करून देऊ.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक