अंगणवाडीच्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

पालकसभेत चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, म्हणून हे आभाराचं पत्र.

लेकीसाठी रंग-आकारांचा तक्ता घ्यायला निघाले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तक्ता राहू द्या. पोळ्या करताना तिला शेजारी बसवा." मला वाटलं, ताई चेष्टा करताहेत! पण घडीची पोळी म्हणजे भूमितीचा अख्खा तासच निघाला. गोल लाटी, तेल लावून दुमडली की अर्धगोल, पुन्हा दुमडली की त्रिकोण, लाटली की परत गोल. पण लेकीने घडीवर बोट ठेवून विचारलं, "आई, याची एक बाजू वाकडी आहे. मग हा त्रिकोण कसा?" मी निरुत्तर. तुम्ही हसून म्हणालात, "बरोबरच आहे तिचं. शंकरपाळा मधोमध कापून शेजारी ठेवा, तिचं तीच ठरवेल." ठरवलंच तिने. आता घडीला ती 'पोळीचा त्रिकोण' म्हणते आणि शंकरपाळ्याच्या तुकड्याला 'खरा त्रिकोण'.

रंगांचंही तसंच. आधी "यासारखं दुसरं आण", मग "लाल कुठलं ते दाखव", आणि "हा कोणता रंग?" हे अगदी शेवटी, असा क्रम तुम्ही लावून दिलात. (घरी येणारे पाहुणे मात्र दारातूनच शेवटचा प्रश्न विचारतात, त्यांना कोण सांगणार!) परवा भाजी निवडताना तिने मेथी, काकडी आणि कोबी एका ढिगात टाकले. थोडा वेळ बघत बसली आणि कोबी उचलून बाजूला ठेवला. मग मी 'पोपटी' हे नाव सांगितलं.

बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि पानं, फुलं, खडे, शिंपले हेच तिथल्या मुलांचं शिक्षणसाहित्य झालं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तुमच्या खोलीतल्या चिंचोक्यांच्या डब्याकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेने बघते. रजिस्टरं, वजनं, खाऊवाटप सांभाळून तुम्ही हे करता, त्याबद्दल मनापासून आभार.

सोमवारी जुन्या बटणांचा डबा पाठवते आहे. बारीक बटणं मी आधीच काढून घेतली आहेत, कुणाच्या तोंडात जायला नकोत. ठशांसाठी भेंड्या हव्या असतील तर सांगा. आडव्या चिरल्या की पाच कोनांचं फूल सुरेख उमटतं, आणि जून भेंड्या आमच्याकडे नेहमीच उरतात.

आपली,
एका चौकस मुलीची आई