बाबा, न्यूरीला गाडी थांबवा

फोंडा, गोवा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मिरग वेळेवर लागला. विहीर अर्धी भरली आहे. पुरुमेंताचं, पावसाळ्याच्या साठवणीचं, सगळं डब्यांत गेलं, तेव्हा आई, घराची काळजी तिथे बसून करू नकोस.

पत्र लिहायला बसले ते दादाचा फोन आल्यामुळे. शनिवारी तुम्ही सगळे बेलफास्टहून डब्लिनला निघणार आणि अर्धी वाट गाडी बाबा चालवणार, असं तो म्हणाला. ऐकून आनंद झाला आणि लगेच पोटात गोळाही आला. कारण त्याच रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून जे झालं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा भाड्याची गाडी घेतली होती. वहिनी मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसली होती. उत्तर आयर्लंडमध्ये सगळं मैलांत, म्हणून समोरच्या पडद्यावरचा वेगही मैलांतच होता. दक्षिणेकडच्या आयर्लंडची सीमा कधी ओलांडली ते कळलंच नाही. सावंतवाडीला जाताना आपल्याला पत्रादेवीचा चेकनाका तरी दिसतो. आयर्लंडच्या त्या सीमेवर फाटक नाही, पोलीस नाही, फक्त पाट्या बदलतात. हायवे सोडून एका गावात शिरले, पाटीवर ५० दिसलं आणि मी पडद्यावर ५० ठेवून निश्चिंत चालले. पाटीवरचे ५० किलोमीटर होते, माझे ५० मैल. म्हणजे भरवस्तीत मी ऐंशीच्या वेगाने जात होते. एक आजी हातातली पिशवी सावरत रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या होत्या. ब्रेक लागला, गाडी त्यांच्यापासून दोन-तीन हातांवर थांबली. त्या तशाच उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या. आई, त्यांनी तुझ्यासारखाच चष्मा दोरीला बांधून गळ्यात घातला होता. त्या दिवसानंतर तो चष्मा माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला नाही.

बाबा, तुम्ही तीस वर्षं टॅक्सी चालवलीत. दाबोळीपासून फोंड्यापर्यंत काट्याकडे न बघता, इंजिनच्या आवाजावरून वेग सांगायचात. पण दादाच्या गाडीत आत आवाजच येत नाही आणि रस्ते इतके गुळगुळीत आहेत की ११० सुद्धा साठसारखे वाटतात. तिथे कानावर आणि पायावर भरवसा ठेवू नका. पडद्यावरच्या आकड्याशिवाय आधार नाही, म्हणून तो आकडा पाटीच्या भाषेतला हवा.

जुन्या गाड्यांच्या गोल मीटरवर बाहेर मैल आणि आत बारीक अक्षरांत किलोमीटर असायचे, नजर थोडी आत वळवली की झालं. दादाच्या गाडीत एकच मोठा आकडा येतो. म्हणून सीमेच्या अलीकडे न्यूरीत गाडी पार्क करा, चहा घ्या आणि सेटिंग्जमध्ये 'युनिट्स' उघडून मैलांचे किलोमीटर करा. चालत्या गाडीत कुणालाही हे करू देऊ नका, दादालाही नाही. मधल्या पडद्यावर बदललं तरी स्टिअरिंगमागचा पडदा बदलला का, ते डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत दोन्हींची सेटिंग्ज वेगळी असतात. मोबाइलवरच्या नकाशाचंही वेगळं असतं. शिवाय गाडी दादाच्या नावाच्या प्रोफाइलवर परत गेली, तर काही गाड्यांत मैलही परत येतात. म्हणून डब्लिनहून निघताना पुन्हा एकदा बघा.

युनिट बदललं की बाकीचे आकडेही बदलतील, त्याने घाबरू नका. तुमचं लाडकं ॲव्हरेज तिथे गॅलनला मैलांत दिसतं. त्यांचा गॅलन साडेचार लिटरहून थोडा मोठा. ५० दिसत असेल तर बदलल्यावर ५.६ दिसेल, कारण तो आकडा शंभर किलोमीटरला किती लिटर पेट्रोल लागलं ते सांगतो. तो जितका लहान तितकं चांगलं. आपल्या हिशेबात ते लिटरला पावणेअठरा किलोमीटर, म्हणजे उत्तमच. टायरची हवाही ३३ ऐवजी २.३ दिसू शकते. टायर बसलेला नसेल, फक्त माप बदललेलं असेल.

आई, तुझ्यावर एक काम. पुढे बाबांशेजारी तू बस. दक्षिणेकडच्या आयर्लंडने २० जानेवारी २००५ ला वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरमध्ये केल्या, तेव्हापासून आकड्याखाली किलोमीटरची खूण असते. उत्तरेकडच्या पाटीवर नुसता आकडा. खूण दिसली की मोठ्याने सांग. दक्षिणेकडे मोटरवेवर १२० चालतात, गावांत बहुधा ५०. आडरस्त्यांची मर्यादा त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वरून ६० केली आहे, तेव्हा दादा जुन्या सवयीने ८० म्हणाला तरी तू ६० च धर. उत्तरेकडे वळणाच्या पाट्यांवर यार्ड असतात. यार्ड म्हणजे आपला वार गं, तुझ्या नऊवारीतला. दोनशे यार्ड म्हणजे बावीस लुगडी लांब अंतर, एवढं डोळ्यांसमोर आण.

येताना न्यूरीला परत थांबा आणि मैल लावा. किलोमीटर तसेच राहिले तर पाटीवरचे ७० बघून बाबा सत्तर किलोमीटरने चालतील, आणि मागून लोक एकशे दहाने येत असतील. तेही तितकंच वाईट.

बाबा, तुम्हाला गाडी शिकवायची माझी लायकी नाही. मला तुम्हीच शिकवलीत, फर्मागुडीच्या मैदानावर, क्लच सोडताना माझा हात धरून. तरी हे एवढं माझं ऐका.

शनिवारी न्यूरीत थांबलात की फोन करा. तिथे सकाळचे नऊ वाजले की इथे दुपारचा दीड. मी जेवायची थांबेन.

तुमची,
बाय