बाबांचं रक्त, पंचेचाळीसचा आकडा आणि लोहाची गोळी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ‘हा कॅन्सर आहे का’ असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर आधी देते. हो, तुम्हाला झालेला पॉलिसायथेमिया व्हेरा हा रक्ताच्या कॅन्सरांमध्येच मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणापासून तो स्पष्टपणे त्यांच्यात धरला जातो. मात्र कॅन्सर म्हटल्यावर माणसं ज्याला घाबरतात, ते इथे बहुतेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं घडत नाही. अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत बिघाड होतो आणि शरीराने न मागताच तांबड्या पेशी तयार होत राहतात. शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणांत हा बिघाड जेएके-टू जनुकात ठरावीक एकाच जागी असतो. तो २००५ साली सापडला. तो जन्मतः नसतो, पुढे आयुष्यात कधीतरी होतो. त्यामुळे आई, आम्हा भावंडांची जनुकाची तपासणी करायची गरज नाही. रक्ताच्या नात्यात धोका काही पटींनी जास्त असतो हे खरं, पण आजारच मुळात विरळा. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, काही वेगळं दिसलं तरच पुढचा विचार.

रोजची काळजी करायची ती गुठळीची. तांबड्या पेशी वाढल्या की रक्त घट्ट होतं, त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही बिघडलेल्या असतात, आणि मेंदू, हृदय, पाय किंवा पोटातल्या शिरेत गुठळी अडकू शकते. सगळे उपचार याभोवती फिरतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिन नव्हे, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, बघायचा. कुठे एचसीटी लिहितात, कुठे पीसीव्ही. कुठे ४५ टक्के, तर कुठे ०.४५. सगळं एकच. तुमच्यासाठी तो आकडा ४५ च्या खाली हवा.

हा आकडा कुणी अंदाजाने ठरवलेला नाही. इटलीत ३६५ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाचं हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवलं, दुसऱ्याचं ४५ ते ५० मध्ये. २०१३ साली निकाल छापून आला: दुसऱ्या गटात मोठ्या गुठळ्या आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले मृत्यू जवळपास चौपट. एवढ्याशा फरकाने! तेव्हा ‘४७ आहे, म्हणजे जवळपास ठीकच’ असं म्हणू नका. यात एक फसवी गोष्ट आहे. लॅबच्या छापील तक्त्यात पुरुषांची सामान्य मर्यादा बहुधा ५० च्या आसपास असते. त्यामुळे ४८ आलं तरी त्यापुढे ना बाण येतो, ना ठळक अक्षर. लॅबला तुमचा आजार माहीत नसतो. बाणांवर विसंबू नका, आकडा वाचा.

आता हा आकडा खाली आणायला रक्त काढतात त्याविषयी, कारण त्याचीच तुम्हा दोघांना जास्त धास्ती दिसते. एका वेळी साधारण ४५० मिलिलिटर काढतात. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर २०० ते २५० वरच थांबतात. तुमच्या वयाला हे कमी प्रमाण मागायला अजिबात संकोच करू नका. पूर्ण पिशवी काढली की हिमॅटोक्रिट ढोबळमानाने तीन अंकांनी उतरतं. उपाशीपोटी जायचं नाही. जाण्याआधी तासभरात दोन पेले पाणी प्या, सैल बाहीचा सदरा घाला. सुई जाडच असते, कारण घट्ट रक्त बारीक सुईतून नीट येत नाही, मध्येच थांबतं. त्या दिवशी पाणी कमी प्यायलेलं असेल तर शीरही सापडत नाही. झाल्यावर हात सरळ ठेवून पाच मिनिटं दाबून धरा, कोपरात दुमडू नका. दुमडला की काळं-निळं होतं. पंधरा मिनिटं बसून राहा, मग सावकाश उठा. त्या हाताने दिवसभर जड उचलायचं नाही. रक्तदाबाच्या गोळीचं त्या सकाळी काय करायचं, हे मात्र आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवा.

सीबीसीचा नमुना रक्त काढण्याआधी द्यायचा. काढल्यावर लगेच दिला तर उपयोग नाही, कारण शरीर कमी झालेलं पाणी भरून काढायला वेळ घेतं आणि तोवर आकडा खरा नसतो. उलट्या, जुलाब, ताप, लघवी वाढवणारी गोळी यांनीही आकडा खोटाच वर जातो; पेशी तेवढ्याच असतात, पाणी आटलेलं असतं. अशा दिवसांत चाचणी झाली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि नाही, हे रक्त दुसऱ्या कुणाला चढवत नाहीत. ते टाकून देतात.

आई, हा पुढचा भाग तुझ्यासाठी. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह बाहेर जातं. अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. म्हणजे चार-सहा वेळा रक्त काढलं की साठा संपतो, फेरिटिन, म्हणजे त्या साठ्याचं मोजमाप, तळाला जातं, आणि रिपोर्टात ‘लोहाची कमतरता’ असं लिहून येतं. ती कमतरता हवीच आहे. कच्चा माल संपला की मज्जा तांबड्या पेशी बनवायला अडखळते आणि पुढच्या खेपा लांबतात. पण हा आजार ठाऊक नसलेला कुणीही तो रिपोर्ट बघून चांगल्या मनाने लोहाची गोळी लिहून देतो, आणि काही आठवड्यांत हिमॅटोक्रिट उसळी मारतं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत, ताकदीच्या टॉनिकात बऱ्याचदा लोह असतं. बाटलीमागचं लेबल वाच. फेरस, फेरिक, आयर्न यातलं काहीही दिसलं तर ती बाटली बाबांसाठी नाही. रोजच्या जेवणात मात्र काही बदलायची गरज नाही, तिथे उगाच पथ्यं लावू नकोस.

यालाही दुसरी बाजू आहे. लोह फारच उतरलं की थकवा येतो, रात्री पाय वळवळतात, झोप लागत नाही. असं झालं तर ‘आजारामुळेच असेल’ म्हणून सोसू नका. मग रक्त काढणं कमी करून औषध वाढवतात, क्वचित मोजके दिवस लोहही देतात. पण ते रक्तविकारतज्ज्ञच ठरवतात, दर थोड्या दिवसांनी सीबीसी बघत.

औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. वय साठच्या पुढे असलं किंवा आधी कधी गुठळी झालेली असली की नुसत्या रक्त काढण्यावर भागत नाही, पेशींची निर्मितीच आवरावी लागते. बाबा, पाकिटावर ते कॅन्सरचं औषध म्हणून छापलेलं बघून तुम्ही बिचकलात, ते साहजिक आहे. पण याचे डोस इतके बेताचे असतात की केस गळणं, सतत ओकाऱ्या असं सहसा होत नाही. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. बऱ्याचदा डॉक्टर रोज सारखा डोस न देता आठवड्याचा हिशेब बसवतात: पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन, म्हणजे नऊ कॅप्सूल, ४५०० मिलिग्रॅम. इथेच घोटाळे होतात. सात खणांची डबी घ्या आणि दर आठवड्याला एकाच वारी भरा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी लागते, कारण पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट हव्या त्यापेक्षा खाली जाऊ शकतात. डोस बसला की दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरते.

या औषधाने एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, वाढतो. ते अपेक्षितच आहे, त्यासाठी घाईने बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करू नका. नखांवर काळपट रेघा येतात, त्या निरुपद्रवी. तोंडात फोड, ताप, किंवा घोट्याजवळ न भरणारी जखम ही मात्र सांगायची लक्षणं. घोट्याची जखम सुरुवातीला खरचटल्यासारखी दिसते, दुखते मात्र फार, आणि नुसतं मलम लावून महिने जातात. बऱ्याचदा औषध बदलल्यावरच भरते. म्हणून मोजे काढताना रोज घोटे बघायचे. त्वचेचे काही कॅन्सर या औषधावर जास्त आढळतात, तेव्हा उन्हात पूर्ण बाह्या आणि टोपी, आणि कातडीवर नवा खडबडीत डाग आला तर दाखवायचा. लस घ्यायची झाली तर जिवंत विषाणूची आहे का, एवढं विचारा, तसली टाळतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या नेहमीच्या लसी जिवंत विषाणूच्या नसतात, नाकात फवारायची फ्लूची लस सोडून. हायड्रॉक्सीयुरिया सोसलं नाही तर इंटरफेरॉन आणि रुक्सोलिटिनिब हे पर्याय आहेत, त्यामुळे त्रास लपवून हेच रेटत बसायचं कारण नाही.

ॲस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅम, रोज, जेवणानंतर. तळपाय लाल होऊन आग होते ना, ती यानेच शमते. पण प्लेटलेट दहा लाखांच्या वर गेल्या तर उलटच घडतं: इतक्या प्लेटलेट रक्त गोठवायला लागणारं एक प्रथिनच शोषून घेतात आणि रक्तस्राव होतो. तेव्हा प्लेटलेटचा आकडा तेवढा दिसला की ॲस्पिरिन चालू ठेवायचं का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. अंगदुखीला आयबुप्रोफेन नको. पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि ॲस्पिरिनचं कामही अडतं. पॅरासिटामॉल चालेल. शौच डांबरासारखं काळं झालं तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

आंघोळीनंतरची खाज हा याच आजाराचा भाग आहे. साबण बदलून काही होणार नाही, कारण अंगावर पुरळच नसतं, नुसत्या पाण्याच्या स्पर्शाने ती सुटते. पाणी कोमट, आंघोळ थोडक्यात, आणि पंचाने चोळण्याऐवजी टिपून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना सांगा. खाजेवर गोळ्या आहेत, अतिनील किरणांचे उपचारही आहेत. बाबा, ‘खाज काय सांगायची’ म्हणून तुम्ही ती गिळून टाकता. ती झोप घालवते, म्हणून सांगायची.

काही चाचण्या या आजारात चक्क फसवतात. प्लेटलेट खूप असताना साध्या नळीत रक्त गोठलं की त्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि रिपोर्ट घाबरवणारा येतो. हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, घातलेल्या नळीत परत तपासलं की तेच नॉर्मल निघतं. बोटातून साखर बघायचं यंत्र घट्ट रक्तात साखर कमी दाखवू शकतं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए-वन-सीवरही विसंबता येत नाही, कारण रक्त काढल्याने पेशींचं सरासरी वयच बदलतं. दंडावर चिकटवायच्या साखरेच्या काही सेन्सरांना तर हायड्रॉक्सीयुरियाच चुकवतं, आकडा खोटाच जास्त दिसतो. मधुमेहाच्या डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा, एरवी गोळ्यांचं प्रमाण चुकायचं.

दाताचं असो की मोतीबिंदूचं, शस्त्रक्रिया ठरण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना कळवायचं. या आजारात शस्त्रक्रियेच्या वेळी गुठळी आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका असतो, म्हणून तातडीची नसेल तर आकडे ताब्यात आल्यावरच करतात. ॲस्पिरिन कधी थांबवायचं हेही तेच सांगतील.

लांबच्या प्रवासात तासा-दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तिच्या आत. आणि बाबा, सिगारेट. ती हिमॅटोक्रिट आपल्या परीने वर ढकलते आणि रक्तवाहिन्याही बिघडवते. यात तडजोड नाही.

ताबडतोब रुग्णालयात जायची कारणं: तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यापुढे अचानक अंधार, छातीत दुखणं, धाप, एकाच पायाला सूज, पोटात जोराचं दुखून पोट फुगणं. यातलं काही दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरी जायचं. बरं झालेला झटका पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतो, आणि नेमका तोच घरात दडपला जातो. पोहोचताच ‘पॉलिसायथेमिया व्हेरा आहे’ हे पहिलं वाक्य.

आणखी एक, जे ऐकायला चांगल्या बातमीसारखं वाटतं. रक्त न काढता आणि औषध न वाढवता हिमॅटोक्रिट आपोआप उतरत चाललं, वजन घटलं, रात्री घामाने कपडे भिजले, थोडं खाल्लं तरी डाव्या बरगडीखाली भरल्यासारखं वाटलं, तर ते लवकर सांगा. प्लीहा वाढत असेल किंवा मज्जेत तंतू साठत असतील, म्हणजे आजार मायलोफायब्रोसिसकडे वळतोय का, ते बघावं लागतं. काहींमध्ये बऱ्याच वर्षांनी असं होतं. ल्युकेमिया त्याहून कमी जणांत.

एक वही करा. तारीख, हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, किती मिलिलिटर रक्त काढलं, आठवड्याला किती कॅप्सूल. सहा रकाने, बाकी काही नको. शक्यतो एकाच लॅबमध्ये चाचणी करा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. प्रत्येक रिपोर्टनंतर ती ओळ मला फोटो काढून पाठवा.

तुमची लेक

ता. क. आई, डबी भरताना हातमोजे घाल, आधी आणि नंतर हात धू, कॅप्सूल कधीही उघडू नकोस. फुटून पूड सांडलीच तर हातमोजे घालूनच ओल्या कागदी रुमालाने टिपून घे, आणि रुमाल पिशवीत बंद करून टाक. नातवंडं आली की डबी वरच्या फळीवर.