सोनूस पत्र

प्रिय सोनू,

काल फोन कट झाला की तू ठेवलास ते कळलंच नाही, पप्पा रात्रभर कूस बदलत होते. मी भांडायला लिहीत नाहीये, एकच विचारायचंय, तो रोल तू पैशासाठी घेतोयस का? भाडं थकलंय का?

ख्रिस्तविरोधकाचा, म्हणजे जगाच्या शेवटी येणाऱ्या ख्रिस्ताच्या शत्रूचा, हस्तक, नाव नाही, चार वाक्यं, आणि वर म्हणे ॲक्सेंट अजून जाड कर. ख्रिस्ती पिक्चर, तुझा चेहरा पडद्यावर, मला आनंदच झाला होता, खोटं का बोलू. मग भांडी घासताना नगरचा हॉल आठवला.

1986 साल, मी सहावीत. चर्चच्या पाळक साहेबांनी कुठून तरी व्हीसीआर आणून 'अ थीफ इन द नाईट' लावला, अमेरिकेत 1972 ला काढलेला, येशू विश्वासणाऱ्यांना एकाएकी स्वर्गात उचलून नेतो आणि बाकीचे मागे राहतात तो. नवरा गायब आणि बेसिनमध्ये त्याचं इलेक्ट्रिक रेझर नुसतं घूंऽऽ करत पडलेलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर स्टोव्हवर डाळ उकळतेय आणि घरात आजी नाही. उंबऱ्यावर बसून मी रडले. आजी गिरणीत गेली होती. पण हे तुला कधी सांगितलं नाही, रडताना मला वाटत होतं की आजीला कसं नेलं, पिक्चरमध्ये तर मला सगळे गोरेच दिसले, नऊवारीतली बाई एक पण नव्हती. आजीला तसं विचारलं तर तिने पिठाच्या हातानेच प्रकटीकरणाचा सातवा अध्याय काढला आणि नववं वचन वाचायला लावलं, सगळ्या राष्ट्रांचे, सगळ्या भाषांचे, मोजता येणार नाहीत इतके लोक. "भाषा म्हणजे मराठी पण," म्हणाली. त्या पानावर अजून बोटांचा डाग आहे, ते बायबल तुझ्याच बॅगेत घातलंय मी.

आता असे पिक्चर बदललेत म्हणालास ते खरंय. 2000 चा तसलाच 'लेफ्ट बिहाइंड' तुमच्या कॅनडात, ओंटारियोतच शूट झाला, त्यातला पाळक कृष्णवर्णीय, क्लॅरेन्स गिलयार्डने केलेला. लोकांना शिकवलं ते स्वतः मानलं नाही म्हणून मागे राहिलेला, मला तोच सगळ्यात खरा वाटला. 2005 च्या भागात तर राष्ट्राध्यक्षच कृष्णवर्णीय, लुई गॉसेट. पण 2014 ला निकोलस केजला घेऊन परत काढला तरी पाळक कृष्णवर्णीय आणि हीरो गोराच. आणि 2000 च्या पिक्चरमध्ये ख्रिस्तविरोधक कोण, तर रोमानियाचा, युनोचा प्रमुख झालेला, बोलण्यात परका हेल. आता तो हेल तुझ्या तोंडी घालणार.

वाईट माणसाचं काम करण्यात कमीपणा नाही रे. नाताळच्या नाटकात तू बाळांना मारणारा हेरोद राजा केलास तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागली आणि पप्पा मागे बाकावर उभे राहून बघत होते. पण हेरोदाला नाव होतं, त्याला भीती होती, राग होता. तू त्यांना विचार, या माणसाला नाव द्या, तो असा का झाला ते एका वाक्यात तरी दाखवा. आणि उचलल्या जाणाऱ्यांत एखादी आपल्यासारखी बाई ठेवा म्हणावं, आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणणारी मंडळी कितीतरी पिढ्यांची आहे, आपण काय काल आलो का, आणि तू गप्प बसलास तर

लागले बघ मी प्रवचन द्यायला. माफ कर. तिथे उभं तुला राहायचंय, मी इथे ओट्याशी बसून सांगणार. तू ठरवशील ते कर, पप्पांचं मी बघते.

मावशीबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवतेय, डबा परत दे तिचा. आणि भाड्याचं खरं सांग सोनू. सोसायटीत माझे थोडे आहेत, पप्पांना कळायची गरज नाही.

तुझी मम्मी