जुन्या रापण होडीची बाग करण्याच्या कामातील त्रुटींबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: होडी उकलल्याबद्दल रकमेचा परतावा मिळणे आणि कापून नेलेली उलांडी (होडीचा तोल सांभाळणारा बाजूचा ओंडका) परत मिळणे

महोदय,

गेल्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या कंपनीने मालवण तालुक्यातील आमच्या होमस्टेच्या अंगणात रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीच्या, जुन्या लाकडी होडीची बाग करून दिली. कोटेशनप्रमाणे जीएसटीसह १,४८,००० रुपये आम्ही पूर्ण भरले. जुलैच्या मध्याला होडी पठाणाच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) दोन्ही अंगांनी उकलली. आजही तिच्यातून माती आणि काळे पाणी अंगणात वाहते आहे. मी फोटोंसह पाठवलेल्या ई-मेलला आपल्याकडून तीन ओळींचे उत्तर आले: ही लाकडाची नैसर्गिक झीज आहे, शिवाय अतिवृष्टी ही दैवी आपत्ती असल्याने पाच वर्षांची हमी लागू होत नाही.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो दरवर्षीच पडतो. मालवणात कामाची ऑर्डर घेणाऱ्याने त्याला दैवी आपत्ती म्हणावे, हे ऐकून आमची सगळी वाडी हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण पैसे माझे गेले आणि होडी माझ्या सासऱ्यांची होती.

आता मूळ मुद्दा. आपल्या माणसांनी होडीच्या पोटात आधी प्लास्टिकचा जाड कागद अंथरला आणि त्यावर एक ब्रास लाल माती काठोकाठ भरली. तळाला पाणी जायला एकही भोक ठेवले नाही. साइट इंजिनिअरला मी त्याच दिवशी विचारले, तेव्हा "मॅडम, भोक पाडलं तर लाकूड कुजेल" असे उत्तर मिळाले. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, जवळपास २.८३ घनमीटर. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे पहिल्याच पावसात त्या होडीत पाच टनांच्या घरात वजन झाले, वर साचलेले पाणी वेगळे.

होडीची घडणच अशी असते की समुद्राचे पाणी तिला चहूबाजूंनी आत दाबते, फळ्या पाण्याने फुगतात आणि सांधे आणखी घट्ट बसतात. आपण उलटे केले. आमचे शेजारी तात्या जन्मभर रापणीवर होते. उकललेली होडी पाहून ते एवढेच म्हणाले, "होडयेक पाणी भायरसून दाबता, हेंनी माती भितरसून भरल्यानी. फुटतली नाय तर काय करतली?" आपल्या कंपनीच्या तांत्रिक अहवालात हे एक वाक्य असते तरी मला पुरले असते. पण अहवालच नाही. आहे फक्त थ्रीडी चित्र, आणि त्यात होडीखाली सावलीसुद्धा सुंदर पडली आहे.

होडीला टेकण दिले तेही काँक्रीटच्या सपाट ओट्याचे. पठाण ओट्याला चिकटलेले, खालून वारा नाही, ओल कायमची, आणि कडेने वाळवीला वर चढायला वाट. आमच्याकडे पावसाळ्यात होडी वर काढली की आडव्या ओंडक्यांवर किंवा चिऱ्यांवर टेकवतात, तळाला हवा लागेल अशी. हे जांभ्याचे चिरे अंगणात रचून ठेवलेलेच होते. आपल्या लोकांनी त्यांवर सिमेंटच्या गोणी ठेवल्या.

बाहेरून तुम्ही फायबरचा थर चढवलात. त्याचे देयकात वेगळे ३६,००० रुपये लावले आहेत आणि 'आजीवन जलरोधक' असे नाव दिले आहे. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेले लाकूड वाळायला महिने लागतात. ते आपण आठवड्याभरात झाकून टाकले. आतून मातीची ओल येत राहिली, बाहेर पडायला वाट उरली नाही. लाकूड फुगते-आकसते, फायबर तसे हलत नाही, त्यामुळे थर जागोजागी सुटला आणि त्याच्या मागे आज बोट घातले तर लाकूड खरवडून येते. खाऱ्या पाण्यात लाकडाला कुजवणारी बुरशी फारशी धरत नाही. होड्या कुजतात त्या पावसाच्या गोड्या पाण्याने, वरून आणि आतून. समुद्रात टिकलेली होडी अंगणात एका पावसाळ्यात कुजवण्याची पूर्ण व्यवस्था आपण करून दिलीत. उंडीचे किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावा, असे माझ्या यजमानांनी सुचवले होते. त्यावर "त्याचा फिनिश येत नाही" असे उत्तर मिळाले.

यापुढचा मुद्दा पैशांचा नाही, तरीही या पत्रात तोच मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो. ही होडी खिळ्यांची नव्हती, काथ्याने शिवलेली होती. फळ्यांच्या कडांना भोके पाडायची, सांध्यावर काथ्याची वळी दाबून बसवायची, दोरी ओवून आवळायची आणि भोके राळेने बुजवायची, अशी ती रीत. रापणीची होडी लाटा फोडून आत जाते आणि परतताना वाळूवर आदळते. शिवलेली फळी तो दणका थोडी लवून सोसते. आपल्या सुतारांनी हे टाके 'जुनी कुजलेली दोरी' म्हणून कटरने कापले आणि जागी लोखंडी स्क्रू मारले. खाऱ्या हवेत त्या स्क्रूंना महिन्याभरात गंज धरला. फळ्या उकलल्या त्या नेमक्या त्याच ओळीत.

विचारल्यावर "असं शिवकाम आता कोणी करत नाही" असे मला सांगण्यात आले. भारतीय नौदलाने 'कौंडिण्य' हे असेच शिवलेले शिडाचे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला दाखल करून घेतले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून ते बेतले आहे आणि केरळच्या कारागिरांनी गोव्यात ते बांधले. गोवा आमच्यापासून किती लांब आहे हे नकाशात पाहावे. नवे टाके घालता आले नाहीत तर निदान होते ते ठेवायचे होते. बागेत उभ्या राहणाऱ्या होडीला लाटा फोडायच्या नव्हत्या.

आणि उलांडी. होडीच्या एका बाजूला दोन दांड्यांवर बांधलेला तो लांब ओंडका, जो तिला कलंडू देत नाही. देयकात ओळ आहे: 'अनावश्यक बाह्य भाग काढणे व विल्हेवाट, ४,५०० रुपये'. मला न विचारता कापलात, टेंपोत घालून नेलात आणि वर पैसे लावलेत! मालवणच्या किनाऱ्यावरची होडी पाहुण्यांना दाखवायची म्हणून हा सगळा खटाटोप होता. उलांडीशिवाय तिची फक्त मोठी कुंडी उरते.

रंगाविषयी थोडक्यात. जुने थर ग्राइंडरने कोरडेच घासले आणि ती शेंदरी भुकटी उघड्या विहिरीपर्यंत उडाली. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दशलक्षात ९० भाग) ही मर्यादा भारतात २०१७ च्या अखेरीस लागू झाली. आमच्या होडीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत आणि पूर्वी शेंदरी अस्तरात शिसे सर्रास असे. असे थर ओले करून, खाली कापड अंथरून काढायचे असतात. आपल्या माहितीपत्रकात मात्र याच मातीत कोथिंबीर आणि पुदिना लावायचा सल्ला आहे. आम्ही लावला नाही. आपण लावलेली पिटुनिया पहिल्या पंधरवड्यात सडली, तिची मी तक्रारही करत नाही. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून आरोग्य सेविकेने आम्हाला समज दिली, त्याची मात्र करते.

माझ्या मागण्या अशा. १,४८,००० रुपये पूर्ण परत करावेत. माती, प्लास्टिक आणि ओटा आपल्या खर्चाने काढावा; तो काढताना आमचा माणूस हजर राहील आणि त्याच्या शब्दाबाहेर एकही फळी हलणार नाही. विहिरीच्या पाण्याची शिशासाठी प्रयोगशाळेत तपासणी करून तिचा खर्च द्यावा. उलांडी जिथे असेल तिथून, आहे त्या अवस्थेत परत आणून द्यावी. विकली असल्यास कोणाला, ते लेखी कळवावे. होडीची पुढची दुरुस्ती मी आपल्याकडून करून घेणार नाही. तात्या आणि त्यांचा पुतण्या ती चिऱ्यांवर घेतील, पठाणालगत पाण्याला वाट ठेवतील आणि आत माती न भरता कुंड्या मांडतील.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीसाठी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. आपल्या करारात वाद फक्त आपल्याच शहरात चालेल असे कलम आहे. ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याचा हक्क या कायद्याने दिलेला आहे, हे आपल्या विधी विभागाला कळवावे.

पाहणीसाठी कोणी येणार असेल तर दोन दिवस आधी फोन करावा. थ्रीडी चित्र काढणाऱ्यांना पाठवू नये, सुतार पाठवावा.

आपली ग्राहक,
(सही)
नाव व पत्ता देयकावर आहे त्याप्रमाणे

सोबत: कोटेशन, देयक आणि पावत्यांच्या प्रती, काम सुरू होण्यापूर्वीचे व जुलैमधील फोटो, आपले ई-मेल उत्तर.